तिलापियाच्या खाद्यात ब्युटिरेट आणि मोनोलॉरिन : १२ टाक्या, ५६ दिवस, कुठे काय चुकलं

४ जून

आज टाक्या मांडल्या. २०० लिटरच्या १२ टाक्या, चार खाद्यं, प्रत्येक खाद्याला तीन टाक्या. अ म्हणजे साधं खाद्य, ब मध्ये सोडियम ब्युटिरेट, क मध्ये मोनोलॉरिन आणि ड मध्ये दोन्ही. किलोला ३ ग्रॅम ब्युटिरेट, किलोला ३ ग्रॅम मोनोलॉरिन. बघायचंय ते एवढंच की ही छोट्या आणि मध्यम साखळीची फॅटी ॲसिडं पोटात गेल्यावर माशाची प्रतिकारशक्ती मोजता येईल इतकी बदलते का.

मासा तिलापिया घेतला कारण त्याला जठर असतं आणि जठरातलं पीएच खाल्ल्यावर २ च्या आसपास उतरतं. कार्प जातीच्या माशांना जठरच नसतं, त्यामुळे इथे जे मिळेल ते तसंच्या तसं कार्पला लावू नका, तिथे ॲसिडचं गणित वेगळं आहे.

पुढे कोणी हेच करणार असेल तर त्याचे दिवस वाचावेत म्हणून लिहून ठेवतेय. जे नीट झालं ते एका ओळीत, जे फसलं ते सविस्तर.

७ जून

मूळ प्लॅनमध्ये बाराही टाक्यांचं पाणी एकाच मोठ्या बायोफिल्टरमधून फिरणार होतं, कारण ते सांभाळायला सोपं. अर्धे पाइप जोडून झाले होते. टाक्यांचं बघणारे मामा पाइप कापता कापता म्हणाले, "म्हणजे मॅडम, ब च्या टाकीतली घाण फिरून अ च्या टाकीत जाणार ना?"

मी तिथेच थांबले. ब्युटिरेटचं बरंचसं काम आतड्यातल्या बॅक्टेरियावर चालतं. ब च्या माशांच्या विष्ठेत जे बॅक्टेरिया असतील तेच पाणी अ चे मासे पिणार असतील तर मग अ ला साधं खाद्य म्हणण्यात काही अर्थ राहत नाही. शिवाय खाद्यातून जे पाण्यात सुटेल तेही सगळीकडे थोडं थोडं जाणार.

पाइप काढले. आता प्रत्येक टाकीला स्वतःचा स्पंज फिल्टर, स्वतःचा एअर स्टोन. सायफनचे पाइप आणि जाळ्या चार सेट, चार रंगांच्या टेप लावून, आणि ब ची जाळी अ मध्ये घालायची नाही हे भिंतीवर मोठ्या अक्षरात. दोन दिवस गेले आणि कापलेला पाइप वाया. पण मामांनी हे तेव्हा विचारलं नसतं तर मला बहुतेक शेवटी निकाल लिहितानाच कळलं असतं.

१२ जून

खाद्याची पहिली बॅच, प्रत्येकी ५ किलो. फिशमील, सोयापेंड, गव्हाचं पीठ, तेल, व्हिटॅमिन-मिनरल मिक्स, पाणी घालून मळलं आणि खिमा काढायच्या मशीनमधून २ मिलिमीटरच्या जाळीतून शेवया काढल्या. वाळवायला घाई केली. ओव्हन ७० डिग्रीला लावला, म्हटलं रात्रीत होईल.

सकाळी दार उघडलं तर अख्ख्या खोलीत खवट लोण्याचा, उलटीसारखा वास. हा ब्युटिरिक ॲसिडचा वास, ज्याने एकदा घेतलाय तो विसरत नाही. सोडियम ब्युटिरेट मीठ म्हणून शांत असतं, पण ओल्या आणि जरा आंबट पिठात त्याचं थोडं ॲसिड होतं आणि ते उडून जातं. म्हणूनच मी चरबीचं कोटिंग असलेलं घेतलं होतं, आणि कोटिंगचं दुसरं कारण जठर. साधं ब्युटिरेट जठरातल्या आम्लात लगेच सुटं होतं आणि पुढच्या आतड्यापर्यंत फार थोडं पोचतं, कोटिंग असेल तर ते आतड्यात लायपेजने चरबी फुटल्यावर सुटतं. आता ७० डिग्रीला ती हायड्रोजनेटेड चरबी वितळणारच होती, म्हणजे कोटिंगसाठी पैसे मोजले आणि ओव्हनमध्ये ते वितळवून टाकलं.

ब आणि ड च्या दोन्ही बॅच टाकल्या. १० किलो खाद्य. अ आणि क पण बाजूला काढल्या, कारण चारही खाद्यं एकाच पद्धतीने, एकाच दिवसात वाळलेली हवीत.

१४ जून

नवीन बॅचसाठी वजनं काढायला बसले आणि पिशवीवरचं लेबल आज पहिल्यांदा नीट वाचलं. त्यात ब्युटिरेट ३० टक्के आहे, बाकी ७० टक्के कोटिंगची चरबी. मी परवा ५ किलोला १५ ग्रॅम पावडर घातली होती, म्हणजे किलोला ३ ग्रॅम पावडर आणि खरं ब्युटिरेट फक्त ०.९ ग्रॅम. हवं होतं ३. म्हणजे ओव्हनने घोळ केला नसता तरी डोस तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमीच गेला असता.

बरोबर हिशोब असा: किलोला १० ग्रॅम पावडर, ५ किलोला ५० ग्रॅम.

पण मग दुसरी अडचण. १० ग्रॅम पावडरबरोबर ७ ग्रॅम चरबी जाते. मोनोलॉरिन पण स्निग्धच आहे, त्याचे ३ ग्रॅम. मग अ च्या माशांना कमी चरबी आणि ड च्या माशांना जास्त. उद्या वजनात किंवा रक्तात फरक दिसला तर तो ब्युटिरेटचा की चरबीचा हे कोण सांगणार? म्हणून चारही खाद्यांत वरची चरबी १० ग्रॅमला आणून ठेवली. अ मध्ये १० ग्रॅम साधी हायड्रोजनेटेड चरबी. ब मध्ये कोटिंगची ७ अधिक साधी ३. क मध्ये मोनोलॉरिन ३ अधिक साधी ७. ड मध्ये कोटिंगची ७ आणि मोनोलॉरिन ३, वरून काही नाही. ब आणि ड मधल्या ३ ग्रॅम ब्युटिरेटच्या बदल्यात अ आणि क मध्ये ३ ग्रॅम सेल्युलोज. सोडियमचं पण तेच, ३ ग्रॅम सोडियम ब्युटिरेटमधून साधारण ०.६३ ग्रॅम सोडियम जातं, तेवढ्यासाठी अ आणि क मध्ये किलोला १.६ ग्रॅम मीठ जास्त घातलं आणि तेवढंच सेल्युलोज ब-ड मध्ये.

हे किचकट वाटतं पण एकदा वहीत टेबल काढलं की वीस मिनिटांचं काम आहे.

१९ जून

आज मोनोलॉरिनने दमवलं. पाण्यात ते विरघळत नाही, म्हणून कोमट तेलात घातलं, तर तळाशी बसलं. ६३ डिग्रीच्या आसपास ते वितळतं, म्हणून तेल ६८ पर्यंत गरम केलं, छान पारदर्शक झालं, आणि थंड पिठात ओतल्याबरोबर पांढरे दाणे दाणे. क ची अख्खी बॅच अशी की एका शेवईत खूप आणि दुसरीत काहीच नाही. चाळून, हाताने मोडून, पुन्हा मळून बघितलं, दाणे गेले नाहीत.

जे जमलं ते हे: आधी मोनोलॉरिन वितळवलेलं तेल थोड्याशाच, कोमट केलेल्या गव्हाच्या पिठात बारीक धारेने, मिक्सर चालू ठेवून. ते पीठ थंड करून, चाळून, मग दुप्पट पिठात, मग त्याच्या दुप्पट, असं करत सगळ्यात. चारही खाद्यांचं तेल असंच गरम केलं आणि असंच मिसळलं, नाहीतर फक्त क आणि ड चं तेल तापलेलं राहिलं असतं. ब्युटिरेटची पावडर मात्र अगदी शेवटी, थंड पिठातून. वाळवणी ४० डिग्रीला, पंखा लावून, पूर्ण एक दिवस, ओलावा १० टक्क्यांच्या खाली येईपर्यंत. यावेळी खोलीत वास जवळजवळ नाही.

तेलाबद्दल एक. जुना डबा वासावरून संशयास्पद वाटला म्हणून वापरला नाही. खवट तेलातले पेरॉक्साइड स्वतःच माशाची प्रतिकारशक्ती पाडतात, व्हिटॅमिन ई खाऊन टाकतात. आपण फॅटी ॲसिडचा चांगला परिणाम शोधणार आणि खालून खवट तेल उलटं काम करणार. चारही खाद्यांना एकाच नवीन डब्यातलं तेल. वेगळं तेल म्हणजे ओमेगा-३ आणि ओमेगा-६ चं प्रमाण वेगळं, आणि ॲराकिडॉनिक ॲसिड (ओमेगा-६ मधलं) आणि ईपीए (ओमेगा-३ मधलं) एकाच एन्झाइमसाठी भांडतात, त्यातून बनणारे प्रोस्टाग्लँडिन सूज कमी-जास्त करतात, तो वेगळाच प्रयोग झाला. मला तो या प्रयोगात नकोय. खाद्य आठवड्याच्या पाकिटांत भरून उणे २० ला.

२० जून

पाण्यात खाद्य किती टिकतं ते बघितलं. ५ ग्रॅम शेवया १० मिनिटं पाण्यात, मग चाळून वाळवून वजन. पहिल्यांदा पाचवा हिस्सा गेला होता, पाणी गढूळ. सीएमसी (शेवया बांधून ठेवणारी डिंकासारखी पावडर) २ टक्के घालून पुन्हा शेवया काढल्या, मग बरंच थांबलं. अजून एक दिवस गेला. हे आधीच करायचं होतं, पूर्ण बॅच काढून मग नाही, अर्धा किलो करून बघायचं आणि मगच पाच किलो.

२३ जून

मासे आले. ३०० घेतले, त्यातले २४० प्रयोगाला, बाकी वेगळ्या टाकीत राखीव. हे राखीव मासे पुढे फार कामाला आले, नक्की ठेवा.

२९ जून

सहाव्या दिवशी सकाळी ४ मासे मेलेले, दुपारपर्यंत अजून ७. गिल (कल्ले) उघडून बघितले तर लाल नाहीत, तपकिरी. नायट्राइट. तो रक्तात गेला की रक्त असं तपकिरी होतं. स्पंज फिल्टर नवे होते, अमोनिया खाणारे बॅक्टेरिया आले पण नायट्राइट खाणारे अजून आले नव्हते. मला माहीत होतं की नवीन फिल्टर तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात, तरी मासे येण्याची तारीख ठरली म्हणून भरले. ही चूक पूर्णपणे माझी, आणि ११ मासे त्यात गेले. अजून वाईट वाटतंय.

लगेच निम्मं पाणी बदललं, खाद्य बंद, आणि लिटरला १ ग्रॅम मीठ. क्लोराइड आणि नायट्राइट गिलमधून आत जायला एकच वाट वापरतात, क्लोराइड भरपूर असलं की नायट्राइट आत कमी जातो. मीठ बाराही टाक्यांत सारखं, ज्या टाकीत नायट्राइट शून्य होता तिथेही, आणि राखीव टाकीतही. कारण पुढे सगळ्या टाक्या सारख्याच धरायच्या आहेत.

१४ जुलै

दोन आठवडे फक्त फिल्टर बसायची वाट बघण्यात गेले. सगळे साधं खाद्य खातायत. गेले सहा दिवस अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही टेस्टमध्ये दिसत नाहीत. मीठ हळूहळू पाणी बदलत काढलं. कोणत्या टाकीला कुठलं खाद्य ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं, पण तीन ब्लॉक करून. दाराजवळच्या चार टाक्या एक ब्लॉक, मधल्या चार, आतल्या चार, प्रत्येक ब्लॉकमध्ये अ ब क ड एकेक. दाराजवळ माणसांची ये-जा जास्त असते, मासे बिचकतात, तो त्रास चौघांना सारखा मिळावा.

१५ जुलै, दिवस ०

वजनं. सरासरी १५ ग्रॅम, टाकीत २०. खाद्य वजनाच्या ४ टक्के, म्हणजे टाकीला दिवसाला १२ ग्रॅम, तीन वेळा विभागून.

२१ जुलै

ब आणि ड चे मासे पहिले तीन-चार दिवस तोंडात घेऊन बाहेर टाकत होते. मग खायला लागले. मामांनी सांगितलं की एकदम टाकण्यापेक्षा चिमूट चिमूट टाकलं की ब चे पण सगळं संपवतात. मग चारही गटांना तसंच, प्रत्येक टाकीला आठ-दहा मिनिटं. वेळ जातो पण खाद्य तळाला पडत नाही आणि पाण्यात विरघळत बसत नाही. उरलेलं खाद्य रोज काढून मोजतोय, त्याशिवाय एफसीआर (किलोभर वाढीला किती खाद्य लागलं तो आकडा) खोटा येतो.

१२ ऑगस्ट, दिवस २८

पहिलं सॅम्पलिंग. प्रत्येक टाकीतून ३ मासे, एकूण ३६. लवंग तेलाने गुंगी, शेपटीच्या शिरेतून रक्त. लायसोझाइमसाठी (रक्तातलं बॅक्टेरिया फोडणारं एन्झाइम) सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर सुटणारा पातळ भाग. एनबीटीसाठी (पांढऱ्या पेशी जंतू मारायला ऑक्सिजनची रसायनं किती सोडतात त्याची टेस्ट) ताजं रक्त. आतड्याचा तुकडा फॉर्मलिनमध्ये. सकाळी ९ ला सुरू केलं, दुपारी दीडला संपलं.

दिवस छान गेला असं वाटलं. आज तेवढंच लिहिलंय, थकलेय.

१४ ऑगस्ट

लायसोझाइमचे आकडे आले आणि मी खूश झाले. अ सगळ्यात कमी, मग ब, मग क, ड सगळ्यात जास्त. एकदम पायऱ्यांसारखं. रात्री घरी फोन करून सांगितलं सुद्धा.

१६ ऑगस्ट

माझ्या गाइड मॅडमना ग्राफ दाखवला. त्यांनी ग्राफ बघितलाच नाही, विचारलं, "रक्त कुठल्या क्रमाने काढलंस?"

ट्यूबवर नावं टाकायला सोपं म्हणून मी सगळे अ आधी, मग ब, मग क, मग ड असं काढलं होतं. ९ पासून दीडपर्यंत. म्हणजे ड चे मासे साडेचार तास बाजूच्या टाक्यांत जाळ्या पडताना, माणसं हलताना बघत होते. माशाला असा ताण आला की लायसोझाइम आधी वर जातं आणि ताण लांबला की खाली येतं. आणि दुसरीकडे अ च्या ट्यूब चार तास टेबलावर आणि ड च्या तासभरच, कारण सेंट्रिफ्यूज शेवटी एकदम लावला.

मॅडमनी सांगितलं की प्रत्येक माशाची वेळ घालून पुन्हा ग्राफ काढ. काढला. अ च्या नऊ माशांमध्येच पहिल्यापासून नवव्यापर्यंत आकडा चढत गेलेला. ब मध्ये पण. खाद्य एकच, तरी चढ. माझ्या पायऱ्या घड्याळाच्या होत्या, खाद्याच्या नाही.

मग ते आकडे सोडून दिले. ३६ मासे, २८ दिवस. ग्राफ वहीत चिकटवून ठेवलाय, वर तारीख आणि "वापरू नये". ज्यांना मी फोनवर सांगितलं होतं त्यांना पण परत फोन केला.

त्याच दिवसाच्या बाकीच्या चुका, कारण त्या पण कमी नव्हत्या.

सीरम दुधासारखं पांढरट. मामांनी नेहमीप्रमाणे सकाळी ७ ला खाद्य टाकलं होतं, त्यांना मी सांगितलंच नव्हतं की टाकू नका. खाल्ल्यावर रक्तात चरबी येते. लायसोझाइमची टेस्ट म्हणजे मायक्रोकॉकस बॅक्टेरियाचं गढूळ पाणी किती निवळतं ते मोजायचं, आणि सीरमच गढूळ असेल तर मोजणार काय.

सात-आठ ट्यूबमध्ये सीरम लालसर. सुईतूनच रक्त जोरात ट्यूबमध्ये सोडलं की पेशी फुटतात. सुई काढून, सिरिंजच्या तोंडाने, भिंतीवरून हळू सोडायचं.

एनबीटीसाठी रक्त गोठू नये म्हणून ईडीटीएच्या ट्यूब वापरल्या. ईडीटीए कॅल्शियम बांधून ठेवतं, आणि पेशींना काम करायला कॅल्शियम लागतं. हेपारिन वापरायला हवं होतं.

आणि एनबीटीचा रंग काढायला डायमिथाइल फॉर्मामाइड लागतं, ते मी प्लास्टिकच्या क्युव्हेटमध्ये (मशीनमध्ये वाचनासाठी ठेवायची छोटी नळी) ओतलं. दोन मिनिटांत क्युव्हेट धुरकट, आकडे पळत सुटले. पॉलिस्टायरीन त्यात विरघळतं. काचेचंच क्युव्हेट घ्या. हे सांगणारं मला कोणी भेटलं नव्हतं, म्हणून मुद्दाम लिहितेय.

आतड्याचे तुकडे सगळं रक्त काढून झाल्यावर शेवटी कापले. स्लाइडवर आतड्याच्या आतल्या घड्यांची टोकं गळालेली. माशाचं आतडं मेल्यावर फार लवकर सडायला लागतं, आतलेच एन्झाइम खातात.

१७ ऑगस्ट

टाक्यांत अमोनिया थोडा वर. कारण सोपं निघालं, ३ मासे काढल्यावर खाद्य कमी केलंच नव्हतं. आता १७ मासे, सरासरी ३१ ग्रॅम, ३ टक्क्यांनी टाकीला साधारण १६ ग्रॅम. पाणी बदललं.

३० ऑगस्ट

राखीव माशांवर रंगीत तालीम. मी, मॅडमकडची एक ज्युनिअर आणि मामा. घड्याळ लावून. जाळी पाण्यात गेल्यापासून रक्त ट्यूबमध्ये येईपर्यंत पहिल्या माशाला ६ मिनिटं, दहाव्याला अडीच. एका वेळी एकच मासा गुंगीच्या बादलीत, दुसरा थांबून ठेवायचा नाही. ज्युनिअर फक्त वेळ लिहिणार आणि ट्यूब बर्फावर ठेवणार, आतड्याला मामा. मामांचा हात माझ्यापेक्षा सफाईदार आहे, दोन मिनिटांत तुकडा फॉर्मलिनमध्ये.

लायसोझाइमची पण तालीम केली. बॅक्टेरिया मिलिलिटरला ०.२ मिलिग्रॅम, फॉस्फेट बफर पीएच ६.२, ५३० नॅनोमीटरला अर्ध्या मिनिटाला आणि साडेचार मिनिटाला वाचन. मिनिटाला ०.००१ उतरलं की एक युनिट. आधी मी चुकून ७.४ चा बफर घेतला होता, जो फ्रिजमध्ये नेहमी असतो, आणि निवळणं अगदी मंद होतं. प्रत्येक सीरमचा बॅक्टेरिया न घालता वेगळा ब्लँक. बॅक्टेरियाचं मिश्रण तळाशी बसतं, दर वेळी उलटसुलट करून मगच पिपेट.

या तालमीला एक अख्खा दिवस आणि १० मासे लागले. १२ ऑगस्टच्या आधी केली असती तर ते ३६ मासे वाचले असते.

९ सप्टेंबर, दिवस ५६

काल सकाळपासून उपवास. मामांना आणि त्यांच्या जागी येणाऱ्या दोघांनाही सांगितलं, शिवाय खाद्याच्या डब्याला चिकटपट्टी लावली.

यावेळी ब्लॉकने. पहिल्या ब्लॉकमधल्या चार टाक्या, क्रम चिठ्ठीने, प्रत्येकीतून ४ मासे. मग पाऊण तास थांबा. त्या वेळात पहिल्या ब्लॉकच्या ट्यूबना ठरलेला तास देऊन सेंट्रिफ्यूज. मग दुसरा ब्लॉक. ट्यूबवर फक्त नंबर, कुठला नंबर कुठल्या खाद्याचा ते मॅडमच्या पाकिटात बंद, वाचन करताना मला माहीत नाही. एकूण ४८ मासे, सगळ्यांची वेळ लिहिलेली, सगळ्यात उशीर झालेला मासा ३ मिनिटं ४० सेकंद. सीरम स्वच्छ, पिवळसर. तीनच ट्यूब लालसर झाल्या, त्या नोंदवून बाहेर काढल्या.

सरासरी वजन ५४ ग्रॅमच्या आसपास, चारही गटांत सांगण्यासारखा फरक नाही.

१७ सप्टेंबर

पाकीट उघडलं.

आधी वेळेचा ग्राफ काढला. यावेळी चढ नाही, ठिपके विखुरलेले. तेव्हा कुठे पुढे गेले.

लायसोझाइम ब मध्ये अ पेक्षा जास्त, आणि तिन्ही ब्लॉकमध्ये तसंच. दिवस २८ च्या पायऱ्यांच्या मानाने फरक लहान आहे. क मध्ये मिसळलेलं, एका ब्लॉकमध्ये अ च्या वर, एकात खाली. ड हा ब च्या जवळपास, दोन्ही घातल्याने वाढीव काही दिसलं नाही. एनबीटीमध्ये कुठेच स्पष्ट फरक नाही. आतड्याच्या स्लाइड यावेळी चांगल्या आल्यात, ब आणि ड मध्ये घड्या अ पेक्षा उंच वाटतायत पण मोजणी अजून निम्मीच झालीय, त्यामुळे त्यावर बोलत नाही.

एक गोष्ट जिथे मी पुन्हा घसरणार होते. मी हिशोब प्रत्येक मासा वेगळा धरून केला, गटाला १२ मासे, आणि क सुद्धा अ पेक्षा वेगळा निघाला. पण एका टाकीतले चार मासे एकच पाणी पितात, एकच फिल्टर, एकच भांडणं, ते चार स्वतंत्र पुरावे नाहीत. खाद्य मी टाकीला दिलं, माशाला नाही. टाकीची सरासरी घेऊन गटाला ३ धरले की क चा फरक गेला, ब चा राहिला. तीन टाक्या कमीच आहेत, पुढच्या वेळी टाकीत मासे कमी आणि टाक्या जास्त घेणार.

खर्चाचं विचाराल तर सगळ्यात जास्त पैसे लॅबच्या केमिकल्समध्ये गेले आणि त्यातले जवळपास निम्मे पहिल्या सॅम्पलिंगबरोबर वाया. वेळ : ठरवला होता अडीच महिन्यांचा, झाले साडेतीन.

१ ऑक्टोबर

खाद्याचे नमुने बाहेर जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफीवर) ब्युटिरेट मोजायला दिले होते, आकडे आज आले. अ आणि क मध्ये जवळपास नाहीच, तिथे मन शांत झालं. ब मध्ये किलोला २.१ ग्रॅम. ड मध्ये १.९. घातलं होतं ३.

मळताना गेलं, वाळवताना गेलं की फ्रीजरमध्ये, ते आता शोधायचंय. प्रत्येक टप्प्यावर मूठभर नमुना बाजूला ठेवला असता तर आज कळलं असतं, तो ठेवला नाही. राहिलेल्या ब्युटिरेटमधून उद्या अर्धा किलो खाद्य पुन्हा करतेय, यावेळी मळल्यावर एक नमुना, शेवया काढल्यावर एक, वाळल्यावर एक. आणि सगळ्या ग्राफवर जिथे जिथे ३ ग्रॅम लिहिलं होतं तिथे खोडून ब ला २.१ आणि ड ला १.९ लिहिलंय.